घर ओढायचं की घरच चालवायचं?

शेवटचा पेपर झाला की कॉलेजच्या ग्रुपवर नोट्स मागणारे मेसेज थांबतात आणि कोकण ट्रिपचा पोल पडतो. आमच्या चौघींच्या ग्रुपवर यंदा दापोली, गुहागर, मालवणच्या खाली चौथा पर्याय आला, ‘कॅराव्हॅन!!!’ सोबत एक रील. मुलगी गाडीचं मागचं दार उघडते, समोर समुद्र, हातात कॉफीचा मग. कोण जिंकलं हे सांगायला नकोच. गंमत म्हणजे त्या रीलमध्ये कॅराव्हॅन नव्हतीच. ती होती मोटरहोम.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मोटरहोम म्हणजे इंजिन, स्टिअरिंग, बेड, ओटा, टॉयलेट सगळं एकाच गाडीत. आकारानं लहान असेल तर तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. कॅराव्हॅन म्हणजे इंजिन नसलेलं, चाकांवरचं घर. ते कारच्या मागे हुकला अडकवायचं आणि ओढत न्यायचं. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. ऑनलाइन शोधलंत तरी बहुतेकदा समोर येते ती टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली मोटरहोम. त्यामुळे बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा : गाडीला स्वतःचं इंजिन आहे का?

आता यातलं घ्यायचं काय? भाडं, एसी, फ्रिज याच्या आधी एक साधी गोष्ट ठरवावी लागते. तुम्ही रोज पुढे सरकणार आहात, की एका जागी तंबू ठोकणार आहात?

समजा प्लॅन असा आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून हरिहरेश्वर. बागमांडल्याच्या जेट्टीवरून वेसवी, मग केळशी, दापोली. दाभोळहून धोपावे, गुहागर. तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि आंबा घाटानं कोल्हापूर गाठून परत. साधारण सात-साडेसातशे किलोमीटर. पाच दिवस, रोज नवं गाव, वाटेत तीन खाड्या जंगल जेट्टीनं ओलांडायच्या. इथे मोटरहोमला तोड नाही. रात्री जेवून झोपा, सकाळी भांडी कपाटात बंद करा, गॅस बंद करा, किल्ली फिरवा, निघा. बॅगा भरणं नाही, चेक-आउटची घाई नाही. लिटरला १० किलोमीटर धरले तर ७०-७५ लिटर डिझेल लागेल. चौघींत वाटलं तर फार नाही. खिसा खरा रिकामा होतो तो गाडीच्या भाड्यानं.

आता दुसरा प्लॅन. पाचही दिवस तारकर्ली. एक दिवस सिंधुदुर्ग किल्ला, एक दिवस मालवणचा बाजार, एक दिवस देवबागला बोटीनं संगम, उरलेले दिवस लोळत पडायचं. इथे मोटरहोम अक्षरशः गळ्यात पडते. कारण साधं पाव-अंडी आणायला जायचं म्हटलं तरी अख्खं घर आवरून न्यावं लागतं. बाहेर वाळत घातलेले टॉवेल काढा, खुर्च्या आत घ्या, ओट्यावरचा चहाचा टोप उचला. नाहीतर पहिल्याच वळणावर तो जमिनीवर. आणि मालवणच्या बाजारातल्या गल्ल्यांत ते धूड शिरवायचं म्हणजे गावकऱ्यांच्या शिव्या खायची तयारी हवी. कॅराव्हॅन इथे भाव खाऊन जाते. घर झाडाखाली उभं करायचं, हुक सोडायचा, आपली कार मोकळी!

युरोपात मोटरहोमवाले यावर उपाय म्हणून मागे सायकली टांगून फिरतात. सिंधुदुर्गातल्या चढ-उतारांवर भर दुपारी सायकल? ज्यांना जमेल त्यांना माझा नमस्कार.

ओढणं म्हणजे नुसतं ओढणं नव्हे

ओढायच्या कॅराव्हॅनचं माहेर ब्रिटन. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरनं ‘द वाँडरर’ नावाची घोडागाडी खास हिंडायला बांधून घेतली. निव्वळ सहलीसाठी बनवलेली ही पहिली कॅराव्हॅन मानतात. हा माणूस मुलांसाठी साहसकथा लिहायचा. पुढे रस्ता मोकळा आहे का बघायला त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून जायचा. जर्मनीतली गोष्ट त्याहून गोड आहे. १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्सनं आपल्या चित्रकार वाग्दत्त वधूसाठी कारमागे ओढायचं घर बनवलं, म्हणजे याच्या धंद्याच्या फिरतीवर तिलाही येता येईल आणि चित्रंही काढता येतील. घरचा कारखाना होता चाबूक आणि स्कीच्या काठ्यांचा!

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन का चालते, तर तिथे तिच्यासाठी सगळी सोय आहे. जागोजागी कॅम्पसाइट, तिथे पाण्याचा नळ, विजेचा प्लग, टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा. नियमही ठरलेले. १६ डिसेंबर २०२१ पासून कारच्या साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. मात्र मागे कॅराव्हॅन असेल तर मोटरवेवर वेग ताशी ६० मैल आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल, त्यापुढे नाही. तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन बंद. आणि चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणी बसायचं नाही. सगळे पुढे कारमध्ये. (तिकडे एमएसला गेलेल्यांसाठी : भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने छोट्या गाड्या चालवता येतात. साडेतीन टनांपर्यंतची मोटरहोम त्यात बसते. भाड्यानं देणारे मात्र वयाची वेगळी अट घालतात, ती आधी वाचा.)

आता हेच डोळ्यांसमोर ताम्हिणीत आणा. तिथले कॅराव्हॅनवाले एक ढोबळ हिशेब सांगतात. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन ओढणाऱ्या कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं, निदान नवशिक्यांनी तरी. आपल्यापैकी कुणाच्या बाबांची हॅचबॅक ९०० किलोची असेल, तर हिशेब येतो ७६५ किलो. एवढ्यात बेड, ओटा, टॉयलेट, पाणी आणि सामान बसवायचं म्हणजे कठीणच. शिवाय कारच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर गॅरेजवाल्यानं ‘हुक लावून देतो की’ म्हटलं तरी लावून घेऊ नका.

वजन कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. जड सामान चाकांच्या वर, मध्यभागी. सगळं मागे कोंबलं, तर वेग वाढल्यावर कॅराव्हॅन डावी-उजवीकडे शेपटी हलवायला लागते. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा. रिव्हर्स घेणं हा तर वेगळाच विषय. मागचं घर डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. आपल्याकडे ही विद्या कुणाला पक्की येते माहितीये? ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली लावून साखर कारखान्याच्या गेटवर उलटी घेणाऱ्या ड्रायव्हरला. घाटात समोरून एसटी आली आणि दोनशे मीटर मागे जायची वेळ आली, तर तो घेईल. आपण नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजच्या ग्रुपनं आपल्या घाटांत कॅराव्हॅन ओढायच्या फंदात पडू नये. तशी भाड्यानं मिळणंही विरळच. पण एका जागी राहायचंय म्हणून मोटरहोम घेणंही पैशाची नासाडी. काही रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रांवर कायमची उभी केलेली कॅराव्हॅन राहायला मिळते. तिथे कोकण रेल्वेनं किंवा लाल परीनं जा आणि गावात फिरायला स्कूटर भाड्यानं घ्या. ओढायचं काम रेल्वेचं, राहायची मजा आपली.

आईचा प्रश्न

वजन, डिझेल, हुक हे सगळं आमचं आम्ही ठरवलं. घरी सांगितल्यावर मात्र आईचा एकच प्रश्न, “रात्री गाडी कुठे लावणार?”

खरं सांगायचं तर चौघी मुलींना मोटरहोमचं आकर्षण कॉफीच्या मगमुळे नाही. ते आहे स्वतःच्या टॉयलेटमुळे. हायवेवर बरं टॉयलेट मिळेपर्यंत पाणीच न पिता तासन्‌तास बसणं हे कुठल्याही मुलीला विचारा. आतून कडी लावता येणारं, स्वच्छ, आपलं टॉयलेट सोबत आहे ही गोष्ट एसी आणि फ्रिजपेक्षा कितीतरी मोठी आहे.

सुरक्षिततेतही दोघींत फरक आहे. मोटरहोममध्ये रात्री कुणी दार वाजवलं, बाहेर टोळकं जमलं, तर दार न उघडता आतल्या आत ड्रायव्हरच्या सीटवर जायचं आणि गाडी काढायची. कॅराव्हॅनमध्ये मात्र आधी बाहेर उतरा, अंधारात कारपर्यंत जा, मग हलता येईल. तेही हुक लावलेला असेल तर. पण सगळ्याच मोटरहोममध्ये ही सोय नसते. काहींत ड्रायव्हरची केबिन आणि मागचं घर यांच्यात पूर्ण भिंत असते. फोटोत हे दिसत नाही, प्रत्यक्ष जाऊन बघावं लागतं.

अनेक जण गाडी ड्रायव्हरसकटच देतात. ते वाईट नाही, घाटात तर बरंच. पण ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार, हे बुकिंगच्या आधी विचारा आणि लेखी घ्या. यात लाजायचं काही नाही. त्या दादांनाही नीट झोप मिळाली पाहिजे, दुसऱ्या दिवशी आपला जीव त्यांच्याच हातात असतो.

आणि लावायची कुठे? निर्जन बीचवर नाही, रील काहीही दाखवो. भरतीचं पाणी आणि वाळूत रुतणारी चाकं ही दोन कारणं पुरेशी आहेत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क उभे राहावेत हा त्यातला मुख्य भाग. केरळनंही त्याच वर्षी आपलं धोरण आणलं आणि पुढे वागमोनला पहिला पार्क सुरू झाला. आपल्याकडे असे पार्क अजून वाटेवर सहज सापडतात असं नाही. त्यामुळे आदल्या दिवशीच फोन करून रिसॉर्ट किंवा होमस्टेच्या अंगणात जागा मागायची, विजेचे आणि पाण्याचे पैसे द्यायचे, रात्रीचं जेवण तिथेच घ्यायचं. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे एमटीडीसीची रिसॉर्ट आहेत, तिथेही विचारता येतं. आईला सांगायला पत्ता आणि फोन नंबर मिळतो. आमच्या घरी परवानगी त्यावरच मिळाली.

पांढरी पाटी दिसली तर थांबा

सर्वांत स्वस्त मिळणारी गाडी बऱ्याचदा कुणाची तरी हौसेनं बनवलेली खासगी गाडी असते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. अशी गाडी भाड्यानं देता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ड्रायव्हरसकट घेत असाल तर पाटी पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायला घेत असाल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं. हे डोक्यात पक्कं बसवा.

लायसन्सचंही बघा. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय. पण कायद्यानं व्यावसायिक वाहन चालवायला वय किमान २० लागतं. म्हणजे एसवायच्या पोरांनी स्टिअरिंगवरून भांडू नका. मागे बसून गाणी लावा.

जाहिरातीत लिहिलेलं ‘सिक्स बर्थ’ही तपासून घ्या. झोपायला सहा जागा आहेत म्हणजे प्रवासात सहा सीटबेल्ट आहेत असं नाही. चार बेल्ट असतील तर ती गाडी चौघांची. चालत्या गाडीत बेडवर आडवं पडून जाणं रीलमध्ये झकास दिसतं. अचानक ब्रेक लागला की सगळ्यात आधी तेच माणूस पुढे फेकलं जातं.

पाण्याचा हिशेब लवकर चुकतो. १०० लिटरची टाकी खूप वाटते. चौघींनी एकेक बादली, म्हणजे १५-१५ लिटर, अंघोळीला घेतली की ६० लिटर तिथेच संपले. वर भांडी, ब्रश, चहा. त्यामुळे रोज संध्याकाळी टाकी भरणं आलं. आणि जेवढं आत घेतलं तेवढं बाहेरही जाणारच. ओट्याचं पाणी एका टाकीत साठतं, टॉयलेटचं दुसऱ्या. बऱ्याच गाड्यांत ती कॅसेटसारखी बाहेर ओढून काढता येते. चार जणींत ती लवकरच भरते. ही टाकी समुद्रात, खाडीत, शेताच्या बांधावर ओतायची नसते. ज्या नाल्यात ती जाईल, त्याच्या खालच्या अंगाला कुणाची तरी विहीर असते. मुक्कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन, तिथल्या टॉयलेटमध्येच ती रिकामी करायची. ग्रुपमधलं कुणी ते काम करणार, हेही निघायच्या आधीच ठरवून टाका. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या.

गाडीमालकाला फोन कराल तेव्हा हा प्रश्न शेवटी विचारून बघा, “टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची?” त्यांनी वाटेवरच्या दोन-तीन जागा सांगितल्या तर बोलणं पुढे न्या. “करा हो कुठेही, कोण बघतंय” असं उत्तर आलं, तर दुसरी गाडी शोधा.