हरित मुलामा
आपले उत्पादन, सेवा वा धोरण प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक पर्यावरणस्नेही असल्याचा समज उद्योगसंस्थेने जाहिराती, वेष्टने, अहवाल इत्यादींद्वारे निर्माण करणे. ‘ग्रीनवॉशिंग’ या नावाने ही प्रथा सर्वत्र ओळखली जाते. ही संज्ञा अमेरिकन पर्यावरणवादी जे वेस्टरव्हेल्ड यांनी १९८६ मध्ये योजिली. निसर्गरक्षणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, असे पाहुण्यांना सांगणारी हॉटेले स्वतःच्या विस्ताराने होणाऱ्या हानीविषयी मौन पाळतात, हा त्यांचा आक्षेप होता.

हरित मुलाम्याचे सामान्यतः तीन प्रकार आढळतात : (१) खोटे विधान, (२) अपुरा ताळेबंद आणि (३) जबाबदारीचे स्थलांतर. पहिल्याचे ठळक उदाहरण फोक्सवॅगन कंपनीचे होय. तिच्या डीझेल मोटारींतील संगणकप्रणाली चाचणीच्या वेळीच प्रदूषण कमी दाखवीत असे. हे २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने चाचण्या केल्या व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये कंपनीस ५०० कोटी रु. दंड ठोठावला; मात्र त्याच्या वसुलीस सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्थगिती दिली.

दुसरा प्रकार ओळखण्यास अधिक कठीण असतो, कारण त्यातील प्रत्येक विधान खरे असू शकते. उसापासून मिळणारे इथेनॉल जळताना जो कार्बन बाहेर पडतो, तो पिकाने आधी हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून त्यास हरित इंधन म्हणतात. तथापि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार अशा १ लि. इथेनॉलमागे सु. २,८६० लि. पाणी लागते. हा खर्च न सांगता केलेला हरितपणाचा दावा अपुरा ठरतो. सु. ८०० मिमी. वार्षिक पावसाच्या लातूरमध्ये त्याचे महत्त्व विशेष आहे. मांजरा धरण कोरडे पडल्याने मार्च २०१६ मध्ये शहरातील पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. तिच्या १० वाघिण्यांत सु. ५ लाख लि. पाणी होते. घागरी मोजून पाणी वापरणाऱ्या कुटुंबांची काटकसर कितीही कसोशीची असली, तरी तिने धरण भरणे शक्य नव्हते. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यालाही एकट्यास दोष देणे न्याय्य नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर मिळतो. तूर व सोयाबीन यांच्या बाजारभावाची तशी शाश्वती नसते. पिकाची निवड धोरणाने आधीच घडविलेली असते.

तिसऱ्या प्रकारात उत्सर्जनाचा प्रश्न ग्राहकाच्या सवयींपुरता मर्यादित केला जातो. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २००४ च्या सुमारास व्यक्तीला स्वतःचे कार्बन उत्सर्जन मोजण्याचे साधन देऊ केले व त्याचा मोठा प्रचार केला. तेलाचे उत्पादन मात्र चालूच राहिले.

यावरून व्यक्तीची जबाबदारी शून्य ठरत नाही. ती तिच्या सामर्थ्याच्या व उपभोगाच्या प्रमाणात ठरते. भारतात दरडोई वार्षिक कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जन सु. २ टन, तर अमेरिकेत सु. १४ टन आहे. भारतातही मोटार व वातानुकूलन वापरणारे कुटुंब आणि कोरडवाहू शेतमजुराचे कुटुंब यांचा वाटा सारखा नसतो. झळ मात्र ज्यांचा वाटा अल्प, त्यांना अधिक बसते. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावे जलमय झाली. अशी एखादी घटना केवळ हवामानबदलामुळेच घडली असे म्हणता येत नाही. परंतु तापमान १° से. वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते व अतिवृष्टीचा संभव बळावतो.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ यांसारखी मोघम विशेषणे पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय व पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दाव्याची पारख करताना काय मोजले, काय वगळले व वगळलेल्याचा भार कोणावर पडला, हे तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. वीज व पाणी यांची बचत हे नागरिकाचे कर्तव्य आहेच; हे प्रश्न विचारणे हेही तितकेच त्याचे कर्तव्य होय.