मोहाच्या फुलांची बरणी का उसळली?

मार्च-एप्रिलच्या दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर किंवा गोंदिया भागातल्या जंगलात पहाटे गेलो, तर मोहाच्या झाडाखाली फिकट पिवळ्या, मांसल फुलांचा सडा पडलेला दिसतो. माणसे टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच तेथे पोचलेली असतात. उशीर झाला तर गुरे आणि हरणे फुले खाऊन टाकतात. अस्वलालाही ती फार आवडतात, त्यामुळे एकट्याने वेचायला जाणे शहाणपणाचे नाही.

अशीच एक किलो फुले आम्ही घरी आणली आणि गुलकंदासारखी मुरवायचे ठरवले. फुले मुळातच गोड, मग साखर कशाला वाया घालवा, असा विचार करून अर्धा किलोच साखर घातली. बरणी उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्यात फेस आला, आंबूस वास सुटला आणि झाकणाशी पाक उसळून बाहेर आला. सगळे फेकून द्यावे लागले.

चूक कुठे झाली? साधा हिशेब करून पाहू. ताज्या मोहफुलात सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते. म्हणजे एक किलो फुलांत पाणी ७५० ग्रॅम आणि घन पदार्थ (त्यात बहुतांश साखरच) २५० ग्रॅम. वर आमची साखर ५०० ग्रॅम. एकूण दीड किलोत घन पदार्थ ७५० ग्रॅम, म्हणजे ५० टक्के. एवढ्या साखरेत यीस्ट आरामात वाढते. फुलांवर ते असतेच. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. फेस या वायूचा. मोहाची दारू होते ती याच क्रियेने. आमच्या बरणीत ती न बोलावता झाली.

आता फुलांच्या वजनाइतकी, म्हणजे किलोभर साखर घातली असती तर? दोन किलोत घन पदार्थ सव्वा किलो, म्हणजे ६२ टक्क्यांहून थोडे अधिक. त्यात उन्हाने आणखी पाणी उडाले की आपण ६५ टक्क्यांच्या वर जातो. एवढ्या दाट पाकात बहुतेक यीस्टचे आणि बॅक्टेरियांचे काही चालत नाही. मीठ लावलेली काकडी जसे पाणी सोडते, तसेच त्यांच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. आपल्या आज्या गुलकंदाला पाकळ्यांइतकी किंवा दुप्पट साखर घेत, ती केवळ गोडीसाठी नव्हे.

जॅम करायचा असेल तर आणखी एक अडचण येते. जॅम घट्ट होतो तो पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांमुळे. पेरू, कवठ यांच्यात पहिली दोन असतात. फुलांत ती पुरेशी नसतात. म्हणून फुले शिजवून गाळलेल्या रसात लिंबाचा रस आणि पेरूचा किंवा कवठाचा गर घालावा, साखर घालून आटवावे. मिश्रण १०५ अंश सेल्सियसला उकळू लागले की घन पदार्थ ६५ टक्क्यांच्या पुढे गेले असे समजावे. शाळेत थर्मामीटर असतोच. तो १०० अंशांच्या पलीकडे मोजणारा आहे ना, हे मात्र आधी पाहावे. शिजवण्यापूर्वी प्रत्येक फुलातले केसर चोळून काढावेत, नाहीतर ते दाताखाली येतात.

खरे सांगायचे तर मोहफुले टिकवण्याची सर्वांत चांगली रीत जंगलातल्या माणसांकडे आधीपासून आहे. ती फुले उन्हात वाळवतात. विकत साखर लागत नाही, इंधन लागत नाही. पाणी गेले की फुलातली स्वतःचीच साखर दाट होऊन राखणदार बनते. किलोभर फुलांची वाळल्यावर पाव किलोच्या आसपास भरतात. घरात ती टिकतात म्हणून हंगामात मिळेल त्या भावाला विकण्याची घाई कमी होते. हे आम्हाला जॅमपेक्षा मोलाचे वाटते.

फुले वेचल्याने झाडाचे बी कमी होत नाही काय, असे विद्यार्थी विचारतात. मोहाच्या बाबतीत नाही. खाली पडतो तो पाकळ्यांचा मांसल भाग, आत चिकटलेल्या केसरांसह. बीजांडकोश फांदीवरच राहून त्याचे फळ होते. नुकसान होते ते वेगळ्याच गोष्टीने. वेचायला सोपे जावे म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि ती आग रानभर पसरते. झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात आणि रोपेही वाचतात.

एक सूचना वर्गात आवर्जून द्यावी. रानातले दिसेल ते फूल मुरवू नये. कण्हेर, धोतरा, कळलावी यांचे विष साखरेने जात नाही, उकळूनही जात नाही. मोह पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला गेला आहे, म्हणून तो निवडला.

पावसाळ्यात वाळलेली फुलेही हवेतले पाणी ओढून चिकट आणि काळी होऊ लागतात. मे महिन्यात शंभर ग्रॅम वाळलेली फुले उघड्या ताटलीत आणि तेवढीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. जुलैअखेर दोन्ही पुन्हा तोलावीत आणि वजनांतल्या फरकावरून फुलांनी किती पाणी घेतले ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.