तंबाखूची तलफ आणि सत्तर अक्षरांचा मेसेज

मी म्हैसूरहून बोलतेय. आजचा विषय आहे तंबाखू. ओढायची नाही, तोंडात धरायची. ती सोडायला मोबाइलवरचा साधा मेसेज कितपत उपयोगी पडतो, हे आज समजून घेऊ.

सुरुवात एका शब्दापासून करते. कन्नडमध्ये तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात. होगे म्हणजे धूर आणि सोप्पु म्हणजे पाला. नाव असं धुराचं, पण इकडच्या खेड्यांत हा पाला विड्यात घालून चघळला जातो. पान, सुपारी, चुना आणि वर तंबाखूचा तुकडा. म्हैसूरच्या विड्याच्या पानाला तर भौगोलिक मानांकन आहे. पाहुण्यापुढे मानानं ठेवायच्या तबकातच तंबाखू बसल्यामुळे तिला व्यसन म्हणायला कोणी तयार होत नाही. आपल्याकडे फक्त रूप बदलतं. कुठे चुना लावून मळलेली चिमूट, विदर्भात खर्रा, कुठे बायकांची मिश्री.

२०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या २१.४ टक्के प्रौढांकडे धूरविरहित तंबाखूची सवय आढळली. खेड्यांत हे प्रमाण २४.६ टक्के होतं. कर्नाटकात १६.३, महाराष्ट्रात २४.४. याच महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के होते. म्हणजे आपला खरा प्रश्न ओठामागे आणि गालात आहे. तरी तंबाखू सोडण्याचा सल्ला बहुतेक वेळा सिगारेट डोळ्यांपुढे ठेवूनच दिला जातो. 'धूर सोडा, फुप्फुसं वाचवा' असा मेसेज मिश्री लावणाऱ्या आजीला आला, तर तो आपल्यासाठी आहे असं तिला वाटेल तरी का?

मग ही तंबाखू सुटत का नाही? त्याचं उत्तर चुन्यात आहे. चुना अल्कधर्मी असतो. तो मिसळला की तंबाखूतलं निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात जातं. रक्तातलं हे निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि हात पुन्हा पुडीकडे जातो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत अवघड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं जड होतं. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत कमी होतो. पण एकेक तलफ मात्र लाटेसारखी असते. ती चढते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. जी काही मदत पोहोचायची, ती या पाच-दहा मिनिटांत पोहोचायला हवी. डॉक्टर त्या वेळी शेताच्या बांधावर नसतात, खिशातला फोन असतो.

यात तथ्य आहे का, हे ब्रिटनमध्ये तपासलं गेलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५,८०० धूम्रपान करणारे होते. त्यातल्या निम्म्यांना पहिले पाच आठवडे रोज पाच आणि पुढचे २६ आठवडे दर आठवड्याला तीन मेसेज गेले. तलफ आली की एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. सहा महिन्यांनी तपासणी करून पाहिलं, तर या गटातल्या १०.७ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ४.९ टक्के होतं. शंभरात पाच-सहा माणसं जास्त सुटली. आकडा लहान वाटतो, पण मेसेजचा खर्चही तसाच लहान असतो.

आपल्या सरकारनंही २०१६ साली अशीच योजना सुरू केली. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा आणि मग मेसेज येऊ लागतात, अशी तिची रचना. त्याच वर्षी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये फोनवरून समुपदेशन सुरू झालं. त्याचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवर हाच क्रमांक छापलेला असतो.

खेड्यात मात्र तीन अडचणी येतात. पहिली, फोन. घरात एकच असेल तर तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. आईसाठी आलेला मेसेज तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरी, वाचन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मेसेज आवाजात हवा, नाहीतर घरातल्या कोणी तो वाचून दाखवायला हवा. तिसरी अडचण फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी किंवा कन्नड लिपीत फक्त ७०, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा मोजला जातो. त्यामुळे उपदेशाला जागाच उरत नाही, थेट कामाचंच लिहावं लागतं. उदाहरणार्थ:

'तलफ आली? पाणी प्या, बडीशेप तोंडात टाका. पाच मिनिटं थांबा. ती जाईल.'

हा मेसेज सत्तरच्या आत बसतो. यात बडीशेप आहे, सुपारी नाही, हेही बघा. नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो. तंबाखू सोडून सुपारी धरली तर तोंडाचा धोका टळत नाही.

योजनेची वाट न बघता हे काम घरातूनही करता येतं. तुमची आई गावी आहे, मामा तंबाखू मळतो. आधी त्यांना विचारा, सोडायची इच्छा आहे का. असेल तर दिवस त्यांनाच ठरवू द्या. तंबाखू कधी कधी लागते ते विचारा. सकाळच्या चहानंतर, जेवणानंतर, शेतात निघताना? नेमक्या त्या वेळांना मेसेज पाठवा, किंवा दहा सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. घरात बोलता त्याच बोलीत बोला. भीती घालू नका, टोमणे तर मुळीच मारू नका. एखाद्या दिवशी चिमूट तोंडात गेली, तर 'झालं ते झालं, उद्या पुन्हा' एवढंच लिहा. पहिला आठवडा रोज पाठवा, मग हळूहळू कमी करा, पण महिन्याभरात थांबू नका.

आणि एक काम मेसेजनं होत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर त्यांना घेऊन दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा. तलफ फारच अनावर असेल तर निकोटीनच्या च्युइंगगमबद्दलही डॉक्टरांना विचारा.

तंबाखू सोडतो तो माणूस स्वतः. मेसेजचं काम एवढंच, की त्या अवघड पाच मिनिटांत तो एकटा पडू नये. आज घरच्या कुणाचा नंबर डोळ्यांपुढे आला असेल, तर त्यांना एक फोन करून विचारा. भेटू पुढच्या भागात.