बाईचा कागद कुठला?

'घुसखोर' हा शब्द हल्ली वर्तमानपत्र उघडलं की भेटतोच. आमच्या महिला मंडळातही त्यावरून चांगलीच जुंपते. "आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत, बाहेरच्यांना कशाला पोसायचं?" असं एकीचं म्हणणं, तर "पोटासाठी आलेल्यांना हाकलायचं कसं?" असं दुसरीचं. मला विचाराल तर, सीमा राखणं हे सरकारचं कामच आहे. बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकारही त्याला आहे. पण बेकायदा कोण, हे ठरवायचं कशावरून?

कागदावरून! आणि इथेच बाईची पंचाईत होते.

आसामचंच बघा ना. २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वी आपण किंवा आपले पूर्वज भारतात होते, हे तिथे प्रत्येकाला सिद्ध करायचं होतं. ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची शेवटची यादी लागली, तेव्हा सव्वातीन कोटींहून अधिक अर्जदारांपैकी १९ लाख ६ हजार ६५७ जण बाहेर राहिले. आता शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लहान वयात लग्न झालेल्या बाईकडे कागद कुठला असणार? जन्म घरातच झालेला, जमीन नावावर नाही, मतदार यादीत नाव लागलं ते सासरी, अमक्याची बायको म्हणून. आणि नोंदणीला तर बापाशी नातं दाखवणारा पुरावा हवा! लाखो विवाहित बायकांनी मग ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला, म्हणून निभावलं.

आसाम लांब आहे म्हणू नका. आपल्याकडे माहेरची सुमन सासरी सुनीता होते. आडनाव बदलतं, मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. वस्तीत रेशनकार्डाचे अर्ज भरून देताना एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं मी कितीदा पाहिली आहेत. "ताई, ही मीच की हो!" ती सांगते. पण कागद मानायला तयार नसतो.

आधारकार्ड आहे ना, असं वाटेल. पण आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्टच सांगितलं. शिवाय आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचं, हा १९४६ च्या कायद्यातला नियम २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे.

घाई केली की काय होतं तेही दिसलं. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडलं. ते भारतीय निघाले, परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून पकडून पाठवलेली एक गरोदर बाई, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, डिसेंबरमध्ये आठ वर्षांच्या मुलासह भारतात परतली. मधले महिने तिने कसे काढले असतील?

आपल्या घटनेचं २१ वं कलम जगण्याचा हक्क देताना 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण राज्याने केलंच पाहिजे. म्हणजे पाठवायचं तर पाठवा, पण आधी तिचं ऐकून घ्या, वकील द्या, गावाकडे चौकशी करा. एवढं मागणं काही जास्त नाही.

आणि मैत्रिणींनो, एक काम आपल्या हातातलं. लेकीचा जन्मदाखला काढून ठेवा, सुनेच्या लग्नाची नोंदणी करा, नाव बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्या. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही हे सांगा. तिला अर्ज भरता येत नसेल, तर जरा तिच्याबरोबर बसा.