जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेताना

पावसाळा सरला, की डोंगरात तंबू ठोकून राहायला जाणाऱ्या मंडळींच्या मनात एक विचार हमखास येतो. आपल्याकडे एक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी असती तर! नवी घ्यायची तर खिसा परवानगी देत नाही. मग जुन्या गाड्यांच्या बाजारात चौकशी सुरू होते आणि पहिल्याच दिवशी माणूस गोंधळतो. विकणारा सांगतो इंजिनची ताकद, रुंद टायर आणि पुढे लावलेले दिवे. यातली एकही गोष्ट चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढत नाही. ती कशानं निघते ते आधी पाहू आणि मग गाड्यांकडे वळू.

साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती हा जोर पुढच्या चाकांनाही पोचवते. याच पेटीत ‘लो’ नावाचा आणखी एक गिअर असतो आणि खरी किंमत त्याची आहे. जुन्या थारचं उदाहरण घ्या. तिचा लो गिअर २.४८ पटींचा आहे. म्हणजे तो टाकला, की चाकाचा वेग जवळपास अडीचपट कमी होतो आणि चाकावरचा जोर तेवढाच वाढतो. दगडधोंड्यांच्या चढावर माणसाच्या चालीनं, क्लच न जाळता, गाडी चढते. उतारावर ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता म्हणू या, इंजिनच गाडी आवरून धरतं. बाजारात ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांना हा लो गिअर नसतो. २०१४ मध्ये आलेली डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह त्यातलीच. तिचा पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलेला आहे, त्यामुळे ओल्या गवतावर आणि कच्च्या रस्त्यावर ती छान चालते. पण दगडांच्या उभ्या चढाची ती गाडी नव्हे.

दुसरी गोष्ट डिफरेन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी ही यंत्रणा. रस्त्यावर ती वरदान आहे. खड्ड्यात मात्र एक चाक अधांतरी लटकलं, की सगळी गती त्याच चाकाकडे जाते. ते गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. चारही चाकांना जोर असूनही गाडी अडकते ती अशी. डिफरेन्शियल ‘लॉक’ करण्याची सोय असेल, तर दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी निघते.

एवढं लक्षात ठेवून गाड्यांकडे पाहू. जिप्सीचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १९८५ मध्ये ती आली. आधी ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये ‘किंग’ आली तेव्हा ते १२९८ सीसीचं झालं. अंकांवर भाळणाऱ्याला ही गाडी किरकोळ वाटेल. पण कापडी छताच्या जिप्सीचं वजन एक टनाच्या आसपास आहे आणि तेच तिचं बळ. जिथे दोन टनांची गाडी स्वतःच्या भारानं खचते, तिथून जिप्सी वरच्यावर निघून जाते. अडकलीच, तर चार माणसं ढकलून काढतात. पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि पाट्यांचं सस्पेन्शन, सगळं उघडं, साधं, खेड्यातल्या मिस्त्रीला कळेल असं. सामान्य ग्राहकांसाठी ती २०१९ च्या सुमारास बंद झाली, आणि भाव उतरण्याऐवजी चढले! तिचे दुर्गुणही सांगायला हवेत. पेट्रोल भरपूर पिते. टाकी ४० लिटरचीच, म्हणजे लांबच्या प्रवासात कॅन जवळ हवा. पाटे इतके कडक, की तीनशे किलोमीटरनंतर पाठ आठवण करून देते. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर किंगपिनचे बेअरिंग गेले आहेत असं समजा आणि किंमत त्या हिशेबानं पाडून मागा. लष्करानं लिलावात काढलेल्या जिप्सीही बाजारात फिरतात. त्यांच्या लिलावाचे आणि नोंदणीचे कागद अस्सल आहेत ना, हे आरटीओतून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.

जुनी थार २०१० ते २०२० या काळातली, आपल्या नाशिकच्या कारखान्यातली. सीआरडीई थारमध्ये २४९८ सीसीचं १०५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आहे. जिप्सीपेक्षा जड, पण खालच्या वेगातली ओढ फार चांगली. २०१५ च्या सुधारित थारमध्ये मागच्या डिफरेन्शियलला आपोआप लागणारं लॉक आलं; एक चाक बेसुमार फिरू लागलं की ते स्वतःहून लागतं. म्हणून शक्य असेल तर २०१५ नंतरची पाहावी. ‘डीआय’ नावाची थार निराळी, ६३ अश्वशक्तीची. ती टू-व्हील-ड्राइव्हमध्येही येत असे, तेव्हा नावावर जाऊ नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती जिवाशी आहे. जिप्सी आणि जुनी थार, दोन्हींत मागे बहुधा समोरासमोरची आडवी बाकं असतात. मुलांना मजा वाटते. पण आडव्या बाकावर, पट्ट्याशिवाय बसलेलं मूल जोराचा ब्रेक लागला तरी पुढे फेकलं जातं, धडकेची तर गोष्टच सोडा. घरात लहान मुलं असतील आणि गाडी हायवेवरूनही न्यायची असेल, तर मागे रस्त्याकडे तोंड असलेली आणि पट्टे असलेली सीट हवीच. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारमध्ये ती आहे. त्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले होते. या पिढीच्या गाड्याही आता जुन्या बाजारात दिसतात. मात्र जानेवारी २०२३ पासून तिची फक्त मागच्या चाकांना जोर देणारी आवृत्तीही निघाली. बाहेरून दोघी बहिणी सारख्याच दिसतात.

गुरखा ही गाडी थोड्यांनाच ठाऊक. २०१३ मध्ये बाजारात आली. पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरेन्शियल चालकाला स्वतः लॉक करता येतात, आणि हवा वरून घेणारी नळी कारखान्यातूनच बसवलेली. दऱ्याखोऱ्यांत जाण्यासाठी यंत्र म्हणून हिच्याइतकी तयारीची गाडी या किमतीत दुसरी नाही, असं माझं मत आहे. पण आधीच्या गुरखाचं २.६ लिटरचं इंजिन जेमतेम ८५ अश्वशक्तीचं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर ट्रकच्या मागे धीरानं बसण्याची तयारी हवी. शिवाय सुटे भाग गावोगाव मिळत नाहीत. तुमच्या शहरात कंपनीचं वर्कशॉप आहे का, हा प्रश्न गाडी पाहण्याआधी विचारा.

चौघांचं कुटुंब, सामान, स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि वेळ आली तर गाडीतच झोप असा बेत असेल, तर जुनी सफारी पाहावी. १९९८ ते २०१९ अशी तिची कारकीर्द. २००७ नंतरची २.२ लिटरची ‘डायकोर’ किंवा २०१२ नंतरची ‘स्टॉर्म’ यांतली फोर-बाय-फोर शोधावी लागते, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सफारी टू-व्हील-ड्राइव्ह आहेत. लष्करानं जिप्सीला पर्याय म्हणून २०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्म मागवल्या होत्या, यावरून तिच्या हाडांची कल्पना यावी. मागच्या सीट दुमडल्या की दोन माणसं, थोडी तिरकी होऊन, झोपू शकतात. पण गाडी दोन टनांच्या घरात. चाकांमधलं अंतर २६५० मिलिमीटर, तर जिप्सीचं २३७५. हा पाऊण हाताचाही फरक नाही, पण बांधावरून उतरताना लांब गाडीचं पोट टेकतं आणि आखूड गाडी सुटते. सफारीत लीव्हरऐवजी गोल बटण फिरवून फोर-व्हील लागतं. ते काम एक छोटी मोटर करते, आणि वर्षानुवर्षं कोणी बटणाला हात लावला नसेल तर ती अडकून बसलेली असते. २०२१ मध्ये सफारी हे नाव पुन्हा आलं, पण त्या गाडीला फक्त पुढच्या चाकांचा जोर आहे. नाव तेच, प्राणी दुसरा.

फॉर्च्युनर आणि एंडेव्हर या मोठ्या गाड्यांविषयी थोडक्यात. दोन्ही दणकट, दोन्हींच्या टू-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्या भरपूर. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, म्हणून एंडेव्हर स्वस्तात दिसली तर सुटे भाग कुठून आणणार याचा विचार आधी करावा. २०२३ मध्ये आलेली जिम्नी ही जिप्सीची नात. अखंड अॅक्सल, लो गिअर, बाराशे किलोंच्या आसपास वजन, पक्कं छत आणि सहा एअरबॅग. दोघांनी भटकायचं असेल आणि बजेट थोडं ताणता येत असेल, तर मी जिप्सीऐवजी हीच घ्या म्हणेन. डिकी मात्र लहान. तंबू आणि पाहुणे, दोन्ही एकदम मावत नाहीत.

आता गाडी तपासायची कशी? इंजिन सगळेच पाहतात. तुम्ही आधी गाडीखाली आडवे व्हा. या सगळ्या गाड्या चासीवर उभ्या आहेत, आणि इंजिन दुरुस्त होतं, गंजलेली चासी होत नाही. छोटी हातोडी घेऊन चासीवर हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर उठा आणि चहा पिऊन घरी या. पाटे जिथे टांगलेले असतात ती जागा आणि बॉडी बसते ती ठिकाणं नीट पाहा. किनाऱ्यावर वापरलेल्या गाड्यांना खाऱ्या हवेनं आतून पोखरलेलं असतं, आणि ताजा काळा रंग मारलेली चासी दिसली तर जास्त संशय घ्यावा. मग पुढच्या चाकांच्या मधे भोपळ्यासारखा फुगवटा आहे का आणि त्याला जोडणारा दांडा जागेवर आहे का ते पाहा. डिझेल वाचवायला तो काढून ठेवलेल्या जीप मिळतात.

त्यानंतर गाडी मोकळ्या मातीवर न्या, डांबरावर नको. फोर-व्हील टाकून सावकाश पूर्ण वळण घ्या. स्टिअरिंग जड होऊन गाडी अडखळल्यासारखी वाटली, तर घाबरू नका, पुढची चाकं खरोखर ओढताहेत याचीच ती खूण. याच कारणासाठी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून ठेवू नये. वळणावर ताण सुटायला जागा मिळत नाही आणि आतले भाग झिजतात. जिप्सीत लीव्हर टाकण्याआधी खाली उतरून पुढच्या चाकांवरचे हब फिरवावे लागतात, हे विकणाऱ्यालाही कधी कधी माहीत नसतं. डिफरेन्शियलचं थोडं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलेलं आहे. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

कागदांच्या बाबतीत दोन गोष्टी. दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या कितीतरी गाड्या स्वस्तात इकडे आल्या. अशी गाडी घेताना ना हरकत दाखला, इथला रोड टॅक्स आणि फेरनोंदणी यांचा खर्च किमतीत मिळवा, मग स्वस्त वाटते का ते पाहा. १५ वर्षं झालेल्या गाडीची तपासणी होऊन नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते, तोही हिशेब धरा. दुसरी गोष्ट, सजवलेली गाडी. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. इंजिन बदललेली, टू-व्हीलची फोर-व्हील केलेली जीप कितीही देखणी असली, तरी अपघातानंतर विमा कंपनी आधी आरसी बुक मागते.

गाडी आली म्हणजे सगळीकडे जाता येतं असं नाही. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली, की टायरच्या खाचा बुजून टायर गुळगुळीत होतो. तिथे फोर-व्हील असलेली गाडीही लोण्यावर ठेवल्यासारखी घसरते. एक रात्र थांबून ऊन पडू देणं हाच त्यावर उपाय. वाळूत उलट, हवा ३० असेल तर १८ वर आणा, टायर पसरतो आणि गाडी तरंगते. बरोबर हवा भरायचा पंप हवा, कारण तशा टायरवर रस्त्यानं पळता येत नाही. पण ही वाळू नदीपात्राकडच्या वाटेची समजा. समुद्राच्या पुळणीवर गाडी नेऊ नका. भरती कोणासाठी थांबत नाही आणि गोव्यात तर त्यासाठी दंडही आहे. सड्यांवर, पठारांवर चाकं घालू नका. कासच्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळालं ते तिथल्या इवल्याशा फुलांमुळे, आणि ती वीतभर मातीच्या थरात उगवतात. वाहत्या ओढ्यात, तळ दिसत नसेल तर, गाडी घालू नये. ब्रोशरमधला पाण्याचा आकडा साचलेल्या पाण्याचा असतो.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल, अशी पाचही ठिकाणची तेलं बदलून घ्या, जुन्या मालकानं काहीही सांगितलं तरी. आणि महिन्यातून एकदा, कुठे जायचं नसलं तरी, मातीच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फोर-व्हील लावून चालवत जा, म्हणजे आतल्या सीलना तेल लागत राहतं.