रोमची दुपार आणि तिच्याखालची भट्टी

रोमचा सम्राट टायबेरियस याला एक पुतळा फार आवडला. लायसिपस या ग्रीक शिल्पकाराने घडवलेला, व्यायाम आटोपून अंगावरचे तेल आणि धूळ वाकड्या पट्टीने खरवडून काढणारा एक तरुण. अग्रिपा या रोमन सेनापतीच्या सार्वजनिक स्नानगृहापुढे तो उभा होता. टायबेरियसने तो तिथून उचलून आपल्या शयनगृहात नेला आणि त्याच्या जागी दुसरा पुतळा ठेवला. लोक खवळले. नाट्यगृहात त्यांनी पुतळ्यासाठी असा काही गलका केला की सम्राटाला तो निमूटपणे जागेवर ठेवावा लागला. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

स्नानगृह आपले आहे, ही भावना रोमच्या सामान्य माणसात इतकी खोल होती. रोमकरांची करमणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कलोसियम येते, तलवारी आणि सिंह येतात. पण ते खेळ ठरावीक दिवशीचे. रोजची दुपार जात होती ती स्नानगृहात. माझ्या मते रोमचे खरे नागरी कर्तृत्व पाहायचे तर तिथेच पाहावे.

नगराधिकारी असताना इसवी सनपूर्व 33 मध्ये अग्रिपाने 170 स्नानगृहे लोकांना फुकट खुली केली. पुढे त्याने स्वतःचे मोठे स्नानगृह बांधले, इसवी सनपूर्व 19 मध्ये ‘व्हर्गो’ नावाचा कालवा आणून त्याला पाणी दिले, आणि मरताना ते रोमच्या जनतेच्या नावे करून टाकले. चौथ्या शतकातल्या याद्यांमध्ये सम्राटांनी बांधलेली भव्य स्नानगृहे वगळूनही शहरात साडेआठशेच्या वर लहान स्नानगृहे आहेत. प्रवेशाचा दर असे एक क्वाड्रन्स, म्हणजे चलनातले सर्वांत लहान नाणे. मोलमजुरी करणाऱ्यालाही ते परवडे.

रोमन माणसाचे काम पहाटे सुरू होई आणि दुपारपर्यंत उरके. मग पावले स्नानगृहाकडे वळत. कपडे उतरवायचे, अंगाला तेल चोळायचे, अंगणात चेंडू खेळायचा किंवा वजने उचलायची. त्यानंतर कोमट दालन, गरम दालन, शेवटी गार पाण्याचा हौद. साबण वापरत नसत, घामात मिसळलेले तेल पट्टीने खरवडले की मळ त्याच्याबरोबर निघे. या साऱ्यात घाई नसे. ओळखीपाळखी होत, जेवणाची आमंत्रणे मिळत, फासे पडत.

सेनेका हा तत्त्वज्ञ एकदा अशाच एका स्नानगृहाच्या वर राहत होता. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने खालून येणारे आवाज एकेक करून सांगितले आहेत. वजने उचलणाऱ्यांचे कण्हणे. मालिशवाल्याचा हात खांद्यावर पडतानाचा आवाज, तोही पंजा सपाट आहे की पोकळ यावर बदलणारा. हौदात धपकन उडी मारणारा. चोर पकडल्यावर उठणारी ओरड. सॉसेज आणि गोड पदार्थ विकणाऱ्यांच्या वेगवेगळ्या हाळ्या. आणि बगलेतले केस उपटणारा, जो गिऱ्हाईक मिळेपर्यंत किंचाळत राहतो आणि मिळाले की गिऱ्हाइकाला किंचाळायला लावतो. दोन हजार वर्षांपूर्वीची दुपार इतकी जिवंत कानावर पडावी, असे दुसरे पान मला माहीत नाही.

चोरांचा उपद्रव खराच होता. ब्रिटनमधल्या बाथ या गावी गरम झऱ्याच्या देवीला शिशाच्या पत्र्यांवर लिहून वाहिलेले शाप सापडले आहेत. चोराला, मग तो पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, देवीने धडा शिकवावा, अशी मागणी त्यांत पुन्हा पुन्हा येते. हरवलेल्या वस्तू कोणत्या? अंगरखे, हातमोजे, नाणी.

आता या सुखाचे यंत्र. गरम दालनाची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. व्हिट्रुव्हियस या वास्तुविशारदाने त्यांची उंची दोन फूट सांगितली आहे. खालचा तळ भट्टीकडे उतरता ठेवावा, इतका की आत टाकलेला चेंडू घरंगळत भट्टीच्या तोंडाशीच परत यावा, असेही तो सांगतो; उतारामुळे आच फरशीखाली नीट पसरते. पुढे भिंतींतही पोकळ विटा बसवू लागले आणि गरम हवा त्यांतून वर चढू लागली. फरशी एवढी तापे की पायात लाकडी तळव्याच्या वहाणा घालाव्या लागत. गरम दालनाच्या खिडक्या पश्चिमेकडे ठेवत, म्हणजे दुपारचे ऊनही कामी येई.

पाण्याची भांडी भट्टीवर बसवलेली असत, आपल्या जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबाचे ते अवाढव्य पूर्वज म्हणावेत. पोर्तुगालमधल्या व्हिपास्का या खाणवस्तीत सम्राट हेड्रियनच्या काळातला एक ब्राँझचा पत्रा सापडला, त्यावर स्नानगृहाच्या ठेकेदाराशी झालेल्या कराराच्या अटी कोरलेल्या आहेत. वर्षभर रोज पाणी तापवायचे. बायकांची वेळ पहाटेपासून, पुरुषांची दुपारपासून रात्रीपर्यंत. पुरुषाला अर्धे ‘अॅस’ नाणे, बाईला पूर्ण एक; म्हणजे बाईला दुप्पट. मुलांना आणि सैनिकांना पैसे नाहीत. भांडी दर तीस दिवसांनी घासून चरबी लावून ठेवायची. जळणाचे लाकूड बाहेर विकायचे नाही. सेवेत कसूर झाली तर दोनशे सेस्टर्स नाण्यांपर्यंत दंड. खाणीत राबणाऱ्या वस्तीसाठी एवढा काटेकोर करार करणाऱ्या राज्याबद्दल मला आदर वाटतो.

पण ही भट्टी पेटती कोण ठेवत होते? बहुतेक ठिकाणी गुलाम. बिथिनिया प्रांतात शिक्षा झालेल्या वृद्ध कैद्यांचे काय करावे, असे तिथला राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला विचारले, तेव्हा त्यांना स्नानगृहांच्या कामाला आणि गटारे साफ करायला लावावे असे उत्तर आले. 216 मध्ये खुल्या झालेल्या सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहात एका वेळी सोळाशे माणसे न्हात असत. त्याच्या खाली गाड्या जातील इतके रुंद बोगदे आहेत. वर संगमरवर आणि हर्क्युलिसचा प्रचंड पुतळा. खाली लाकूड, धूर, काळोख. वर असलेल्याला खालचा माणूस दिसू नये, अशीच ही बांधणी आहे. रोमच्या स्नानगृहाचे कौतुक करताना ही गोष्ट गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पाणीही आपल्याला वाटते तितके स्वच्छ नव्हते. सम्राट मार्कस ऑरेलियसने स्नानाचे वर्णन तेल, घाम, मळ आणि तेलकट पाणी असे केले. सेल्सस या लेखकाने तर उघडी जखम घेऊन स्नानगृहात जाऊ नये, ती चिघळते, असा इशारा दिला.

537 मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. पाणी थांबले, तशी कॅराकॅलाची दालने ओस पडली. सम्राट डायोक्लेशियनच्या स्नानगृहातले गार पाण्याचे भव्य दालन सोळाव्या शतकात मायकेलअँजेलोने चर्चमध्ये बदलले. ते आजही उभे आहे.

अल्जीरियात खेंचेला शहराजवळ मात्र रोमन काळातला एक गोल हौद अजून भरलेला आहे आणि लोक त्यात रोज उतरतात. तिथले पाणी जमिनीतूनच गरम येते. त्याला भट्टी लागत नाही आणि भट्टीवालाही लागत नाही.