राखणदाराचा वाटा

मार्च लागला की गडचिरोलीच्या जंगलात सागाचा पाला खाली येतो आणि आठवड्याभरात वाळून कडकडीत होतो. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा चार महिन्यांचा. या काळात एक जळकी विडीही पुरते, हे खरंच. पण आपल्याकडचे बहुतेक वणवे चुकून लागत नाहीत आणि विजेनेही लागत नाहीत. ते लावले जातात, आणि लावणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळत असतं. हे मिळणं नेमकं काय आहे, ते पाहिल्याशिवाय वणव्यावर बोलण्यात अर्थ नाही.

मोहाचं उदाहरण घ्या. फुलं रात्रीतून गळतात आणि बाया पहाटे टोपली घेऊन झाडाखाली पोचतात. पाल्यात पडलेलं फूल दिसत नाही, वेचायला दुप्पट वेळ लागतो. झाडाखालचा पाला जाळला की जमीन साफ होते. सकाळी लावलेली ही आग नीट विझवली नाही, तर दुपारच्या वाऱ्याने डोंगर चढते. तेंदूचं गणित वेगळं. विडीला कोवळं, मऊ, बिनडागाचं पान लागतं. त्यासाठी झुडपं जमिनीलगत छाटायची असतात, म्हणजे नवे फुटवे येतात. छाटायला मजुरी लागते, काडी ओढायला लागत नाही. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ज्या ठेकेदाराने एकाच हंगामासाठी जंगल घेतलं आहे, त्याचा हिशेब गोण्यांवर संपतो. पुढच्या वर्षी तिथे रोपटी उरली की नाही, हा त्याचा प्रश्न नसतो.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीच्या सूचना पाठवतं. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या हंगामात देशभरात अशा ३,४५,९८९ सूचना नोंदल्या गेल्या. ओडिशा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या मागोमाग ३४ हजारांवर सूचनांसह महाराष्ट्र होता. एकच मोठा वणवा अनेकदा मोजला जाऊ शकतो, तेव्हा हा आकडा वणव्यांचा नाही, उपग्रहाला दिसलेल्या तप्त ठिपक्यांचा आहे. तरीही ही चारही राज्यं एका सलग पट्ट्यात आहेत, आणि चारही मोहाची व तेंदूची राज्यं आहेत, हे नजरेआड करता येत नाही.

या आगी कॅलिफोर्नियातल्यासारख्या शेंड्यापर्यंत भडकणाऱ्या नसतात. बहुतेक आगी जमिनीलगत सरपटतात. मोठा साग त्यातून वाचतो, म्हणून नुकसान झालं असं वाटतच नाही. जळतात ती बोटभर रोपटी, म्हणजे चाळीस वर्षांनंतरचं जंगल. आणि वाचलेल्या सागाच्याही बुंध्याला चर पडतो. त्यातून कीड, बुरशी आत शिरते. पुढे लाकडाच्या आगारात ओंडका आडवा पडतो तेव्हा खालचा सर्वांत जाड तुकडा, ज्याला सर्वाधिक भाव यायचा तोच, आतून पोकळ निघतो. त्या दिवशी कोणी म्हणत नाही की हे तीस वर्षांपूर्वीच्या वणव्याचं नुकसान आहे.

इथे थोडं गणित मांडतो. सागाचं पीक साठ ते ऐंशी वर्षांचं. दरवर्षी शंभरातल्या एका झाडाला आगीने निकामी होण्याचा धोका आहे असं धरलं, तरी साठ वर्षांअखेर शंभरातली जेमतेम पंचावन्न झाडं हाती लागतात. जंगल किती वर्षांनी तोडणं फायद्याचं, याचा हिशेब मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञाने १८४९ साली मांडला. पुढच्या अभ्यासकांनी त्यात आगीचा धोका घातला आणि निष्कर्ष निघाला तो सरळ आहे: वर्षाला एक टक्का आगीचा धोका म्हणजे व्याजदरात एका टक्क्याची भर. धोका वाढला की मालक थांबत नाही, झाड लवकर तोडतो. वणवा अशा रीतीने न जळलेलं जंगलही कमी वयाचं करून टाकतो.

पण हा हिशेब मालकाचा झाला. आपल्या जंगलाचा मालक कोण? १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने राखीव जंगलांवर आपली मालकी पक्की केली, १९२७ च्या कायद्याने ती पुढे चालू राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही बदलली नाही. गावाचं जंगल एका रात्रीत सरकारचं झालं की काय होतं, हे हिमालयातल्या कुमाऊंने १९२१ मध्ये दाखवलं. लिसा (चीडची राळ) आणि लाकडासाठी राखून ठेवलेली चीडची जंगलं लोकांनी पेटवून दिली. सरकारला तक्रार निवारण समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. ज्या जंगलातून गवताची काडीही हक्काने मिळत नाही, त्याची आग विझवायला माणूस कशासाठी धावेल?

सरकारी जंगलातल्या वनरक्षकाला मी दोष देणार नाही. शेकडो हेक्टरांचं बीट, हाताशी हंगामापुरते रोजंदारीचे अंगारी, म्हणजे आगीवर नजर ठेवणारे मजूर, पाठीवर एखादा ब्लोअर, नाहीतर ओल्या डहाळ्या. जंगल जळलं तरी त्याचा पगार तेवढाच आणि वाचलं तरी तेवढाच. त्यातही तो रात्री-अपरात्री आगीत उतरतो, हे त्याचं मोठेपण. पण असल्या मोठेपणावर लाखो हेक्टरांची राखण उभी राहत नाही.

गडचिरोलीतच दुसरा प्रयोग झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने गावचेच पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने 'मावा नाटे माटे सरकार', म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी घोषणा दिली. या भागातला बांबू दशकानुदशकं कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर मेंढ्याने दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्यानंतरही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला होता, खातं त्याला लाकूडच मानत होतं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलं. जंगलाची मालकी सातबाऱ्यावर किंवा दाखल्यावर नसते, ती त्या परवान्याच्या पुस्तकात असते, हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

बांबू हे राखणीसाठी फार सोयीचं पीक आहे. पावसाळ्यात वास्ते फुटतात, तीन-चार वर्षांत काठी तोडणीला येते आणि बेट नीट राखलं तर दरवर्षी पैसा देतं. वणवा लागला तर नुकसान साठ वर्षांनी नाही, येत्या हंगामातच दिसतं. ज्याच्या घरात त्या बांबूची मजुरी येणार आहे, त्याला आगीमागे धावायला कोणी सांगावं लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर आणखी कठीण निर्णय घेतला. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, बांबूचा धंदा सुरू झाला आणि ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. हातचा पैसा सोडून दिला, गावातल्या माणसांनी पाळीपाळीने जंगलात गस्त घालायला सुरुवात केली. मला या सगळ्या विषयातलं हे सर्वांत मोलाचं उदाहरण वाटतं. कुठल्याही अधिकाऱ्याने सांगितलं नव्हतं. दोन उत्पन्नांपैकी एक दुसऱ्याला जाळतं आहे, हा ताळेबंद गावाने स्वतः मांडला, आणि तो मांडता आला कारण दोन्ही उत्पन्नं गावाचीच होती.

सगळीकडे असं झालेलं नाही. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले, त्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः केले. २०१७ मध्ये भाव चांगला चढला. त्याच जुलैत तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के जीएसटी लागला, पुढच्या हंगामात भाव कोसळले आणि काही ठेकेदारांनी गावांचे पैसे थकवले. बाजार कोसळला तर हक्काचा कागद पोट भरत नाही.

आता कोकणात या. इथे चित्र अगदी उलटं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नगण्य आहे, डोंगरच्या डोंगर खाजगी मालकीचे. खाजगी मालकी हाच उपाय म्हणणाऱ्यांनी हा जिल्हा फिरून पाहावा. सातबाऱ्यावर चुलत-आतेभावंडांची नावं ओळीने, त्यातली निम्मी मुंबईत. उभ्या ऐन-किंजळातून वर्षभरात एक रुपया मिळत नाही. मिळतो तो एकरकमी, डोंगर ठेकेदाराला जळाऊ लाकडासाठी विकल्यावर. मग काही वर्षांनी पुन्हा. उन्हाळ्यात भाजावळीची आग हातची सुटते आणि वणवा काजूच्या, आंब्याच्या बागांत शिरतो. गवत कापून पट्टा काढायला गावात माणूस नसतो. मालक आहे, पण राखणदार नाही.

याच जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने जमीनमालकांशी जंगल न तोडण्याचे करार केले. धनेशाच्या ढोलींचे जुने बेहडे राखायचे आणि त्यांची फळं नीट वाळवून, फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह औषधी कंपन्यांना विकायची. रक्कम मोठी नाही. पण उभं झाड दरवर्षी काही देतं आहे म्हटल्यावर ते विकण्याची घाई संपते.

राहिला लाकडाचा पुरवठा. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग रवाना झाला. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाची ख्याती तेवढी मोठीच आहे. तरीही आज देशाच्या गरजेतला अगदी थोडा वाटा सरकारी जंगलातून येतो. १९८८ च्या वननीतीने उद्योगांना शेतकऱ्यांकडे वळायला सांगितलं. डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनखात्याच्या आराखड्याशिवाय, होणारी तोड थांबवली. आता बहुतांश लाकूड बांधावरच्या निलगिरी-सुबाभळीतून येतं आणि उरलेलं परदेशातून. न्यूझीलंडच्या पाइनचे ओंडके कांडला बंदरात उतरतात आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात. आपल्या जंगलात वणव्याने पोकळ झालेल्या प्रत्येक ओंडक्याची भरपाई आपण अशी दुसऱ्याच्या जंगलातून करतो.

वनहक्क कायद्याने बांबू, तेंदू, मोह गावाला दिले. लाकूड मात्र दिलं नाही. एकाच डोंगरावर वेळूचं बेट गावाचं आणि त्याला खेटून उभा साग सरकारचा. आग हा भेद करत नाही आणि विझवणाराही करू शकत नाही. म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे: ज्या गावाने आपल्या हद्दीतलं जंगल हंगामभर आगीपासून राखलं, त्याला त्या जंगलातल्या सागाच्या विक्रीत ठरलेला वाटा कायद्याने मिळावा, आणि राखणीची मजुरी पावसाळ्यानंतर नव्हे, हंगाम सुरू होण्याआधी ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावी. मोहाखाली अंथरायला जाळ्या द्याव्यात, म्हणजे पाला जाळायचं कारणच उरणार नाही.

 जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायचं काम डिसेंबर-जानेवारीत होतं. कोकणात ज्यांच्या नावावर डोंगराचा तुकडा आहे, त्यांनी त्याआधीच्या सुट्टीत गावी गेल्यावर भावकीला एकत्र बसवून पट्टा कोण कापणार आणि त्याची मजुरी कोण देणार, एवढं ठरवून परत यावं.